काळी पाच

दिवाळी झाली की आमच्या दोन खोल्यांपैकी एक कापसाची व्हायची. बाबांचं शेत कळंबच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात होतं आणि आम्ही माझ्या शाळेसाठी यवतमाळात भाड्यानं राहायचो. वेचलेला कापूस विकायचा नंबर लागेपर्यंत ठेवायला दुसरी जागा नव्हती. ढीग खिडकीच्या वर चढायचा, अंगाला खाज सुटायची, आई गाद्या उन्हात झटकून झटकून थकायची आणि तरी भाकरीवर एखादा तंतू निघायचाच. त्याच खोलीत, ढिगाकडे तोंड करून, मी रियाज करायची, कारण पुढच्या खोलीत चूल होती आणि बाबांकडे येणाऱ्याजाणाऱ्यांची ऊठबस होती. कापूस आवाज गिळतो. सूर तोंडातून निघतो आणि कुणी त्यावर तळवा ठेवावा तसा समोरच विझतो. आपलाच आवाज आपल्याला परत मिळत नाही, म्हणून माणूस आणखी जोर लावतो. मी रोज सकाळी तो ढीग फोडायला निघाल्यासारखी गायची आणि बाबा पुढच्या खोलीत चहा पिता पिता खूश व्हायचे. "पाहाय, कसा खणखणीत आवाज हाये पोट्टीचा," असं आईला सांगायचे. आज मला त्या खोलीचा राग येत नाही. खोलीला काय कळतं? बाबांनाही गाण्यातलं फार कळत नव्हतं; गावच्या भजनात टाळ धरायचे, तेवढंच. राग येतो तो ज्यांना कळत होतं त्यांचा.

ज्यांना कळत होतं ते म्हणजे काळबांडे सर. बाजारात एका कापडाच्या दुकानावर त्यांचा गाण्याचा क्लास होता. लोखंडी जिना चढून गेलं की मोठी सतरंजी, मध्ये पेटी, पेटीमागे सर. पांढरा झब्बा, मागे वळवलेले केस, बोलणं साखरेसारखं. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मारकुट्या मास्तरांच्या गोष्टी लोकांना चटकन समजतात आणि सरांची गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, "पण ते तर किती सज्जन होते." होते. कानही त्यांचा फार चांगला होता. सगळ्या मुली एकदम गात असताना कुणाचा गंधार केसभर उतरला ते त्यांना डोळे मिटून कळायचं. माझं वऱ्हाडी बोलणं त्यांना खटकायचं. मी "मले पानी पाह्यजे" म्हटलं की ते हसून म्हणायचे, "मले नाही, शालू. मला. या बोलीनं सूर मळतो." मग मी घरी येऊन 'मला-तुला' करायची आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. एवढ्या बारीक गोष्टी ऐकणारा तो कान. त्याला माझ्या घशात काय चाललंय ते ऐकू आलं नाही, हे मी आजही मानायला तयार नाही.

सरांकडे सगळ्या मुली काळी पाचमध्ये गायच्या. ज्यांना पेटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: गाणारा आपल्या गळ्याला सोसेल असा एक सूर 'सा' म्हणून धरतो आणि सगळं गाणं त्याच्या आधारानं उभं राहतं. तो सूर पेटीच्या ज्या पट्टीवर सापडतो ती त्या गाणाऱ्याची पट्टी. कुणाची पांढरी चार, कुणाची काळी एक. जसे पाय तशी चप्पल, इतकी साधी बाब. काळी पाच ही उंच पट्टी आहे. बारीक, सहज वर जाणाऱ्या गळ्याला ती शोभते. माझा गळा माझ्या आईवर गेलेला, भरदार आणि खालचा. पण उंच पट्टीतली मुलगी परीक्षकांच्या लक्षात राहते, आणि सरांचा सगळा क्लास स्पर्धांसाठीच चालायचा. "शेवटच्या खुर्चीवर जो डुलक्या घेतोय ना, तो दचकून उठला पाहिजे," असं ते सांगायचे. मी दचकवायची. वणीला दचकवलं, दारव्ह्याला दचकवलं, पुसदला पहिला नंबर आला. बाबा कप सायकलच्या हँडलला बांधून उगाच बाजारातून चक्कर मारून घरी यायचे.

आणि गळ्याची काळजी? ती तर विचारूच नका. सरांनी मला दही बंद केलं, चिंच, कैरी, लोणचं बंद केलं, बोरं बंद केली, तिखट बंद केलं. थंडीत शेतावरून तुरीच्या हिरव्या शेंगा यायच्या, आई त्या मीठ घालून उकडायची, वाफेनं घर भरून जायचं आणि अंगणात सगळे सोलत बसायचे. बरोबर भरल्या वांग्याची लालभडक तर्री आलेली भाजी असायची. माझ्या ताटात मात्र बिनतिखटाची पिवळी वांगी. सकाळी ज्येष्ठमध, झोपताना हळदीचं दूध. सगळं घर माझ्या गळ्याच्या सेवेला लावलं होतं, आणि त्याच गळ्याला रोज संध्याकाळी सर त्या जिन्यावरच्या क्लासात नेऊन ओरबाडत होते. आज मी स्वतः गाणं शिकवते, आणि कुणी आई मला विचारते, "मॅडम, हिला थंड पाणी देऊ का?" तेव्हा माझं डोकं सणकतं. पाणी द्या हो. आइस्क्रीम द्या. तिला तिच्या पट्टीत गाऊ द्या, मग काय हवं ते खाऊ द्या.

पहिल्यांदा लक्षात आलं ते आईच्या. सकाळी उठल्यावर मी बोलायला तोंड उघडलं की आधी नुसती हवा यायची, मग खरखर, मग आवाज. ते मलाही कळत होतं, पण मला वाटायचं, मोठ्या गाणाऱ्यांचं असंच होत असेल. एकदा बाबा जेवत असताना आई म्हणाली, "अवो, पोरीचा आवाज बसून राह्यला रोज. सरले सांगून पाहा ना."

"सरले समजत नसन का?" बाबा म्हणाले.

"समजते तं मंग काहून नाही पाहात?"

"तू भाकर टाक." 

आईनं भाकर टाकली. विषय संपला.

मग ती स्पर्धा आली. यवतमाळातच होती, नागपूरहून परीक्षक यायचे होते, आणि सर कित्येक दिवस त्याचीच तयारी करून घेत होते. त्या सकाळी माझा आवाज उघडेचना. गरम पाणी झालं, वाफ झाली, ज्येष्ठमध झालं. सभागृहाच्या मागच्या दाराशी, जिथे सगळ्या मुली तयार होऊन उभ्या होत्या, आई सरळ सरांपुढे गेली. ती आयुष्यात कधी सरांशी चार शब्द बोलली नव्हती. पदर डोक्यावर सारखा करून ती म्हणाली, "सर, आजच्या दिवस थोडं खाली घ्या ना. पोरीचा गळा बसला जी."

सर हसले. तेच गोड हसू. "ताई, शेतातलं तुम्हाला कळतं. यातलं मला कळू द्या."

आजूबाजूच्या दोन-तीन बाया हसल्या. आईचा चेहरा मी पाहिला आणि मला तिचीच लाज वाटली, की ही इथे कशाला आली. तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते. ती लाज कुणी माझ्यात घातली हे आता मला कळतं.

स्थायी कशीबशी निभली. अंतऱ्यात वर चढायचं होतं. तारसप्तकाच्या मध्यमावर थांबून, तिथून पंचमाला हात लावून खाली यायचं, सरांची ती आवडती जागा. मी श्वास घेतला, जोर लावला आणि गळ्यात काहीतरी तुटलं. आवाज झाला नाही. ओला दोरा ताणून ताणून अचानक तुटावा तसं आतल्या आत, अगदी बारीक. नंतर मी तोंड उघडून उभी होते आणि तोंडातून फक्त वारा जात होता. माझ्याकडे बघून सरांनी पेटी थांबवली असेल असं कुणालाही वाटेल. नाही थांबवली. त्यांनी माझी ओळ स्वतः उचलली, लोकांकडे पाहून हसले, अंतरा पुरा केला, तिहाई घेऊन समेवर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना!

मागे आल्यावर बाबा धावत आले. सर रुमालानं हात पुसत होते. ते शांतपणे म्हणाले, "मेहनतीत कमी पडली. घरी रियाज होत नाही वाटतं." आणि माझ्या बाबांनी, जे रोज सकाळी माझा रियाज ऐकत चहा प्यायचे त्या बाबांनी, दोन्ही हात जोडले. "माफ करा सर. पोट्टी घाबरून गेली." मला सांगायचं होतं की मी घाबरले नाही. मला सांगायचं होतं की माझ्या तोंडात रक्ताची चव येतेय. मी जोरानं बोलायला गेले आणि पुन्हा तेच, नुसता वारा. आईनं माझा हात धरला, तिथून बाहेर काढलं आणि घरापर्यंत माझ्या पाठीवरचा हात उचलला नाही. बाबा सायकल हातात धरून मागून येत होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, दिव्यावर गरम केलेला छोटा आरसा घशात घातला आणि बराच वेळ पाहिलं. आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्या आहेत आणि एका बाजूला रक्त उतरलं आहे, असं ते म्हणाले. बोलणं बंद. कुजबुजणंही बंद, कारण कुजबुजण्यानं आणखी ताण पडतो. "किती दिवस?" बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मी सांगेपर्यंत. आणि इतक्या लहान मुलीला कुणी ओरडायला लावलं?" बाबांनी खाली पाहिलं.

तो सगळा उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा मी मुकी होते. कापूस विकला गेला होता आणि ती खोली रिकामी झाल्यावर तिच्यात चमचा पडला तरी घुमायचा. मी पाटीवर लिहून बोलायची. आई वाचायला शिकली नव्हती, त्यामुळे तिच्याशी खुणांनी. बाबांना वाचता यायचं, पण मी पाटी पुढे केली की त्यांना नेमकं कुठेतरी जायचं असायचं. एकदा मी लिहिलं, "तुम्ही माफी का मागितली?" त्यांनी ते वाचलं, चप्पल घातली आणि शेतावर गेले. मी पाटी भिंतीवर आपटून फोडली. गाण्याच्या माणसाला गाता येत नाही हे दुःख वगैरे मला तेव्हा झालं नाही. मला संताप आला होता, आणि संतापाला तोंडच नव्हतं. रडायलाही डॉक्टरांनी मनाई केली होती, कारण हुंदक्यांनी पडदे आपटतात.

यवतमाळच्या कडेला मिशनचं कंपाउंड होतं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात मार्थाबाई संगीत शिकवायच्या. त्या दरसाल आमच्याकडून तुरीची डाळ न्यायच्या, एवढीच ओळख. एके दिवशी बाबा शेतावर असताना आईनं मला हाताला धरून तिथे नेलं. बाबांना विचारलं नाही. माझ्या आठवणीत आईनं न विचारता केलेली ही पहिली गोष्ट. मार्थाबाई उंच, किडकिडीत, पांढऱ्या सुती साडीतल्या. आई त्यांना म्हणाली, "बाई, इच्या तोंडाले कुलूप लागलं. हाताले तरी काई काम द्या. नाई तं हे पोट्टी येडी होऊन जाईन."

प्रार्थनेच्या दालनात भिंतीला लावून पियानो होता. वर विणलेलं आच्छादन, आत उंदीर शिरू नयेत म्हणून डांबराच्या गोळ्या, त्यामुळे झाकण उघडलं की आधी तो वास यायचा. पावसाळी हवेत दोन पट्ट्या फुगून अडकायच्या आणि बाई त्या नखानं वर ओढायच्या. त्यांनी मला बसवलं आणि पाच सूर दाखवले. मी ते वाजवले नाहीत, बडवले. पुन्हा बडवले. दालनात इतका आवाज झाला की बाहेरच्या मुली दाराशी जमल्या. मी किती तरी दिवसांनी काहीतरी मोठ्यानं बोलत होते.

"थांब," बाई म्हणाल्या. मला वाटलं आता हळू वाजव म्हणणार. "हळू वाजव असं मी म्हणत नाही. तुला राग आहे. असू दे. पण तू तो मनगटातून काढतेस. मनगट दुखेल आणि राग जिथल्या तिथे राहील. हे बघ." त्यांनी आपला हात खांद्यापासून सैल सोडला, ओल्या टॉवेलसारखा, आणि पट्ट्यांवर पडू दिला. सूर दालनभर पसरला. माझ्यापेक्षा दुप्पट मोठा, पण त्यात कुठे ओरखडा नव्हता. "जोर वेगळा आणि वजन वेगळं. जोर लावावा लागतो. वजन आपल्याजवळ असतंच, ते फक्त सोडायचं."

मी शिकवते त्यातलं निम्मं त्या एका वाक्यातून आलेलं आहे. बाकीचं निम्मं बाईंच्या गप्प बसण्यातून. त्या स्वतः याच वसतिगृहात वाढलेल्या. त्यांना शिकवणारी गोरी मड्डम चुकल्यावर बोटांवर रूळ मारायची, असं त्यांनी एकदा सहज सांगितलं आणि उजव्या करंगळीचं वाकडं पेर दाखवलं. त्या स्वतः मात्र चूक झाली की काहीच करायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. त्या शांततेत आपली चूक आपल्यालाच ऐकू यायची. मी रोज जायला लागले. बाबांना कळलं होतं. त्यांनी अडवलं नाही.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली तेव्हा पावसाळा सरत आला होता. मी बाईंना म्हटलं, मला गायचंय. माझा आवाज तेव्हा फुटक्या मडक्यासारखा येत होता. बाई म्हणाल्या, "गाऊ नकोस. जांभई दे." मी दिली. "आता आईनं हाक मारल्यावर 'हं' म्हणतेस ना, तसं म्हण." मी म्हटलं. "पुन्हा. हसत म्हण." त्या एकेक पट्टी दाबत होत्या आणि कान माझ्याकडे होता. मग एका पट्टीवर थांबल्या. "पांढरी तीन. इथे तुझा आवाज स्वतःहून येऊन बसतो. हा तुझा सा." दुसऱ्या हातानं त्यांनी काळी पाच दाबून धरली. "आणि तू इथे गात होतीस." पियानोवर सगळं डोळ्यांना दिसतं. दोन बोटं, आणि मध्ये ते अंतर. तेवढं अंतर मला वर टांगून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं, रोज.

किती वेळ लागला होता ते शोधायला? चहा उकळायला लागतो त्याहून कमी.

"सरांनी हे काहून नाही केलं?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांनी केलं नाही त्यांना विचार."

मी विचारायला गेले. त्याच दिवशी, मिशनमधून सरळ बाजारात. जिन्याखाली पोहोचले तर वरून आवाज आला. नंदाचा. नंदा आमच्याच गल्लीतली, माझ्याहून दोन इयत्ता मागे. माझ्या जागी सरांनी आता तिला घेतलं होतं. तीच चीज, तीच अंतऱ्यातली जागा, काळी पाच. आणि तिच्या सुराच्या कडेला ती खरखर होती, जी मी माझ्या गळ्यात रोज सकाळी ऐकली होती. मी वर गेले.

"अरे, शालू! ये, ये. बरा झाला का गळा?" सर म्हणाले.

"सर, माही पट्टी कोनती?" मी मुद्दाम वऱ्हाडीत विचारलं. माझा आवाज इतका घोगरा होता की पुढच्या मुलींनी वळून पाहिलं.

"काळी पाच. का गं?"

"माही पांढरी तीन हाये. तुमाले मालूम होतं का नव्हतं?"

सरांची बोटं पेटीवर थांबली. मला वाटलं ते म्हणतील, नव्हतं माहीत. मला तेच ऐकायचं होतं, हे मी आज कबूल करते. चुकलं म्हणाले असते तर मी घरी गेले असते. पण ते हसले आणि म्हणाले, "बाळा, पांढरी तीनमध्ये गाणाऱ्या मुलीला कप मिळत नाही."

म्हणजे माहीत होतं.

मी पेटीचा भाता दाबून बंद केला आणि त्यावर हात ठेवला. "आन् नंदाची? तिची बी काळी पाचच हाये का? तिचा गळा ऐकू नाही येऊन राह्यला तुमाले?"

"हात काढ," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली साखर गेली. "खाली जा."

"आधी पट्टी उतरवा."

तेव्हा नंदा बोलली. सतरंजीवर मान खाली घालून बसलेली नंदा. "शालूताई, तू जाय ना इथून. माही स्पर्धा हाये पुढच्या हप्त्यात. तुही गेली म्हनून माही बी घालवतं का?"

मी हात काढला. जिना उतरताना वरून पुन्हा पेटी सुरू झाली, काळी पाचमध्येच.

संध्याकाळी सर आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं, आईनं चहा दिला. सरांनी झालेला प्रकार सांगितला. आवाज चढवून नाही, दुःखी होऊन. भर वर्गात शिष्येनं पेटीला हात घातला, असं आजवर कधी झालं नव्हतं. मुलगी आजारातून उठली आहे, तिचं मन ठिकाणावर नाही, ते समजू शकतात. माफी मागितली तर ते विसरून जातील.

"माग माफी," बाबा मला म्हणाले.

मी उभीच राहिले.

"शालू, सरच्या पाया पड आन् माफी माग."

"कायले?" हे मी बोलले नव्हते. आई बोलली होती. ती चुलीपाशी पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी येऊन दारात उभी राहिली. "कायले मागन ते माफी? पोट्टी एवढे महिने मुकी होती घरात. सर, तुमी गावातच राहाता. एक दिवस बी आले नाही, का पोरगी जित्ती हाये का मेली पाहाले. आज माफी घ्याले बरे आले."

"अवं, चूप," बाबा म्हणाले.

"मी चूप होती तं हे झालं." ती सरांकडे वळली. "शेतातलं मले समजते म्हने. व्हय, समजते. बैल दमला तं मी त्याले पानी दाखवतो. तुमी माह्या पोरीले तेवढं बी नाही केलं. चहा घ्या आन् जा."

सरांनी चहा घेतला नाही. ते गेल्यावर आई परत पिठाकडे गेली आणि त्या रात्रीची भाकर नेहमीसारखी गोल झाली नाही. बाबा जेवले नाहीत. पुढे घरात सरांचं नाव निघालं नाही, पण बाजारात सर दिसले की बाबा नमस्कार करायचे. मी बरोबर असले तरी करायचे. बाबा जाऊन आता खूप वर्षं झाली, आणि मी त्यांच्यावर पुष्कळ माया केली. पण त्या नमस्कारांचा राग मी सोडलेला नाही. सोडायचा प्रयत्नही केला नाही.

नंदानं ती स्पर्धा जिंकली. आणखीही काही जिंकल्या. मग मॅट्रिकच्या सुमारास तिनं गाणं सोडलं, तिला उमरखेडला दिलं. कधीमधी फोन येतो. मोठ्यानं बोलताना तिचा आवाज मध्येच सुटतो आणि ती म्हणते, "वय झालं ना आता, ताई." एवढं एक मी गिळते.

मी मार्थाबाईंकडे शिकत राहिले, पुढे नागपूरला जाऊन पियानोच्या परीक्षा दिल्या, श्वासाचं आणि आवाजाचं शिक्षण जिथे मिळेल तिथे घेतलं. माझा स्वतःचा आवाज अर्धाच परत आला. मधल्या पंचमापर्यंत मी सूर नीट दाखवू शकते, त्याच्या वर तो फाटतो. माझ्या विद्यार्थ्यांना याची सवय आहे. वरचं मी पियानोवर दाखवते. प्रार्थनेच्या दालनात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला तेव्हा बाईंनी तो जुना पियानो माझ्या हवाली केला आणि चार माणसांनी हमालगाडीवरून तो माझ्या पुढच्या खोलीत आणला. तिथेच मी शिकवते. नवीन मूल आलं की आधी मी त्याला बोलतं करते. शाळेतलं सांग, भावाशी का भांडलास सांग. मग जांभई, मग 'हं'. त्याचा सा सापडला की तो पियानोवर त्याच्याच बोटानं दाबायला लावते. हे तुझं घर, इथून निघायचं आणि इथेच यायचं. बराच काळ गाणं देत नाही. पियानो शिकणाऱ्यांना आधी खांदा सोडायला शिकवते आणि गाणं शिकणाऱ्यांनाही तेच.

पालक वैतागतात. परवा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, मोबाइलवर गाणं लावून म्हणाले, "मॅडम, टीव्हीच्या ऑडिशनला पाठवायचीय. पण ओरिजिनल स्केलमध्येच पाहिजे, हाय पिच." मी म्हटलं, "मग ओरिजिनल गायिकेलाच न्या ऑडिशनला." ते चिडून उठले. मुलगी जाताना वळून पियानोकडे पाहत होती. तिला आता कुठेतरी, कुणीतरी गोड बोलणारा माणूस काळी पाचमध्ये ओरडायला लावत असेल. अशा दिवशी मला जेवण जात नाही.

काळबांडे सर फार म्हातारे होईपर्यंत शिकवत होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या शिष्यांनी त्यांचा सत्कार ठरवला. दोन तरुण मुलं निमंत्रण घेऊन माझ्याकडे आली. मी सरांची जुनी शिष्या, गावातली संगीतशिक्षिका, मी चार शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की येते. माइकवर उभी राहून अंतऱ्यातल्या त्या जागेपासून पेटीच्या भात्यापर्यंत सगळं सांगते. ती मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

"मॅडम, आता किती वय झालंय त्यांचं," एक जण म्हणाला. "चांगलं तेवढं बोला ना."

"चांगलं तेच बोलतेय. पुढच्या मुलींचं चांगलं."

ते पुन्हा आले नाहीत. पण त्यातल्या एकानं बहुधा सरांच्या कानावर घातलं, कारण काही दिवसांनी त्यांचा निरोप आला. रागाचा नव्हता. ते अजून तसेच होते, गोड. निरोप घेऊन आलेल्या बाईनं तो जसाच्या तसा सांगितला: "शालूला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. तुझा आवाज मुळातच नाजूक होता."

मी दार धरून उभी होते. आत एक लहान मुलगी सा लावायचा प्रयत्न करत होती आणि तो तिला सापडत नव्हता. नाजूक! वणी, दारव्हा, पुसद. कित्येक वर्षं रोज संध्याकाळी आपल्या जागेपासून इतक्या वर ओढलेला, रक्त येईपर्यंत एकदाही 'नाही' न म्हणालेला माझा आवाज. तो नाजूक होता म्हणे. मी त्या बाईला सांगितलं, "त्यांना जाऊन सांगा, माझा आवाज दणकट होता. नाजूक असता तर पहिल्याच महिन्यात गेला असता आणि मी सुटले असते." एवढं बोलून मी आत आले आणि त्या मुलीसाठी पहिल्यापासून एकेक पट्टी दाबायला बसले.